मोठ्यांच्या कपाटातली चित्रं

आमच्या वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. परवा अध्यक्षांचा फोन आला, "देवरे मॅडमवर दोन पानं द्या. तुम्हाला चांगलं लिहिता येतं. फक्त गोड लिहा हं, जुनं काही उकरून काढू नका." मी बरं म्हणालो. मी सगळ्यांनाच बरं म्हणतो, हा माझा जुना रोग आहे. मग कागद घेऊन बसलो तर गोड म्हणून एक ओळ सुचेना. डोकंच फिरलं. ज्या माणसांनी त्या बाईंना घालवलं, तीच माणसं आता त्यांचा फोटो छापून खाली 'ऋणानुबंध' लिहिणार! मॅडम हयात आहेत, ठणठणीत आहेत, आणि त्यांना कुणी विचारलेलंही नाही. तेव्हा जे सुचतंय तेच लिहितो. स्मरणिकेत घेतील, नाहीतर केराच्या टोपलीत टाकतील.

कमल देवरे आमच्याकडे एकोणीस वर्षं ग्रंथपाल होत्या. नाशिक रोडला जेलरोडच्या अंगाला आमची कॉलनी, आणि कॉलनीच्या सभागृहावर दोन खोल्या, ते वाचनालय. मॅडम पंचवटीतून सिटी बसने यायच्या. उंच, काटकुळ्या, थंडी असो नसो सुती साडीवर बिनबाह्यांचा स्वेटर, आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. टेबलामागे खुर्ची होती, पण त्या उभ्याच असत. गाव सटाण्याकडचं. एरवी बोलणं अगदी शहरी, पण राग आला की अहिराणी बाहेर पडायची, आणि राग दिवसातून तीनदा तरी यायचाच. एका निवृत्त फौजदारांनी कादंबरीची पानं दुमडून परत आणली, तर मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुले काय समजस रे? पुस्तक शे का पापड शे?" फौजदारांनी तिथेच उभं राहून एकेक पान सरळ केलं.

त्यांच्या टेबलाला लागून एक लोखंडी कपाट होतं. त्यावर पाटी होती: 'चित्रकादंबऱ्या. फक्त मोठ्यांसाठी.' ही पाटी वाचून काही लोक गालात हसत. काही जण इकडेतिकडे बघत हळूच कपाटाशी जात आणि दोन पुस्तकं चाळून निराश होऊन परत येत. मॅडम सगळं बघत असत, पण बोलत नसत.

हे कपाट उभं कसं राहिलं तेही सांगतो. कॉलनीतलं एक कुटुंब परदेशी गेलं, जाताना दोन खोकी पुस्तकं देऊन गेलं. तेव्हाच्या कार्यकारिणीने वरवर बघितलं, चित्रं दिसली, आणि म्हणाले, कॉमिक्स आहेत, पोरांना द्या. मॅडमने जेवणाच्या सुट्टीत त्यातलं एक उघडलं आणि त्या दिवशी त्यांच्या दोन बस चुकल्या. त्यात उडणारा माणूस नव्हता की मुखवटा नव्हता. कारखाना बंद पडल्यावर घरी बसलेला एक बाप होता, जो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसून तो खायचा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून घरी बसवलेले असले बाप आमच्याकडे रोज पेपर वाचायला येत. मॅडमने त्यांना बघितलेलं होतं. पोरांना हे पुस्तक काय कळणार, म्हणून त्यांनी खोकी स्वतःच्या टेबलाखाली ओढली.

पुस्तकं इंग्रजी, आणि आमचे वाचक मराठी. मॅडमचं इंग्रजीही बेताचं. पण त्या शब्दकोश घेऊन बसल्या. पुस्तकावर पेनने लिहायचं नाही हा त्यांचा धर्म, म्हणून त्यांनी बटर पेपर आणला. पानाच्या मापाचा तो पारदर्शक कागद कापायचा, पानावर ठेवायचा, आणि चित्रातला माणूस जिथे बोलतो नेमक्या त्या जागी मराठी वाक्य लिहायचं. कागदाची फक्त वरची कड अलगद चिकटवायची, म्हणजे खाली चित्र दिसतं आणि वर मराठी. उचलला की इंग्रजी. एका पुस्तकाला पाच-सहा महिने लागत. एका गोष्टीत डोंगरातलं म्हातारं जोडपं होतं, त्यांना मॅडमने सरळ अहिराणी बोलायला लावलं होतं. म्हातारा चुलीपाशी वाकून विचारतो, "तू जेवनी का?" मी विचारलं, "मॅडम, अहिराणी का?" तर म्हणाल्या, "त्याचं तोंड बघा ना. हा माणूस 'तू जेवलीस का' म्हणेल असं वाटतं तुम्हाला?" मी परत बघितलं. खरंच वाटत नव्हतं.

आता शिफारस. कुणी "काहीतरी चांगलं द्या" म्हटलं की मॅडम पुस्तकांबद्दल काही विचारत नसत. घरी कोण आहे, जेवायला किती वाजता बसता, शेवटचं भांडण कुणाशी झालं, असलं विचारत. लोकांना राग यायचा. वाघ सर म्हणून शाळेतून मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना तर फारच आला. पत्नी वारून वर्ष झालं होतं, आणि त्यांना काहीतरी 'वजनदार' हवं होतं. मॅडमने चित्रांचं पुस्तक पुढे ठेवलं.

"मी काय चौथीतला आहे का हो?"

"त्र्यंबकेश्वरला देवळाच्या भिंतीवरचं कोरीवकाम तासभर बघता, तेव्हा कितवीत असता?"

वाघ सर पुस्तक घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. "झालं वाचून. वीस मिनिटं लागली. पोरखेळ आहे."

मॅडमने पुस्तक परत घेतलंच नाही. "सव्विसाव्या पानावर समोरच्या खिडकीत काय आहे?"

"खिडकी? कुठली खिडकी?"

"मग वाचलं नाहीत. चाळलंत." असं म्हणून त्यांनी तेच पुस्तक पुन्हा त्यांच्या नावावर टाकलं. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी सर आले ते बाकावर बसले, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तिथे रोज दोन कप असतात. त्या पानावर एकच आहे." मॅडम म्हणाल्या, "हां." बस, एवढंच. त्या दिवसापासून वाघ सर आमच्या कपाटाचे सगळ्यात कडक वाचक झाले, आणि पुढे दुसऱ्यांना खिडक्या विचारू लागले.

मीराबाई आमच्याकडे झाडलोट करत आणि चहा करत. सिन्नरकडच्या. तिसरी शिकलेल्या, अक्षरं लावून लावून वाचत. मॅडमने त्यांना एक बिनशब्दांचं पुस्तक दिलं. जिन्याच्या पायरीवर बसून, बोट फिरवत फिरवत त्यांनी ते आठवडाभर वाचलं, आणि शेवटी मॅडमना म्हणाल्या, "ही बाई माज्यावानीच येडी हाय. तो यायचा नाय हे तिला ठावं हाय, तरी ताट झाकून बसलीय." वाघ सरांचं मत वेगळं होतं. त्या बाईला आशा आहे असं ते म्हणत. यावर मुख्याध्यापक आणि मीराबाई यांचं जिन्यात अर्धा तास भांडण झालं, दोघंही पानांचे दाखले देत होते. मॅडम वरून ऐकत होत्या. इतक्या खूष झालेल्या मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

माझंही सांगायला हवं. माझे वडील इथल्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. शेवटच्या तीन वर्षांत त्यांचं सगळं विस्मरणात गेलं, फक्त ड्युटी राहिली. दिवसभर विचारायचे, "प्रेसची गाडी गेली का?" मी चिडायचो. ओरडायचोसुद्धा, खोटं कशाला बोलू. हे मी मॅडमना सांगितलं नव्हतं, पण त्यांनी एक पुस्तक तपकिरी कव्हर घालून माझ्या पिशवीत टाकलं. त्यात एका पानावर सहा चौकोन होते. सहाही चौकोनांत बाप मुलीला एकच प्रश्न विचारतो, त्याचं चित्र जसंच्या तसं, फक्त मुलीचा चेहरा बदलत जातो. पाचव्यात ती फुटायच्या बेतात आहे. सहाव्यात ती हसते. मी वडिलांच्या खोलीत बसून ते पान बघत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "प्रेसची गाडी गेली का?" मी म्हणालो, "गेली बाबा. आज तुमची सुट्टी आहे." त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला माझी लाज वाटली. तीन वर्षं हे एक वाक्य मला सुचलं नव्हतं.

ह्या बाईंना आम्ही घालवलं. 'आम्ही' म्हणतो, कारण तेव्हा मी सहकार्यवाह होतो.

झालं असं. नवे अध्यक्ष आले. शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध. पहिल्याच फेरीत कपाटासमोर उभे राहिले. "ही कार्टूनं मोठ्यांच्या विभागात कशी?" मॅडमने समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. ठराव झाला की चित्रं असलेली सगळी पुस्तकं बालविभागात जावीत. मॅडमने लेखी विरोध दिला. तो फाईलला लागला, आणि फाईल कपाटाला. बालविभागाचं नूतनीकरण, फुगे, फीत, सगळं यथासांग झालं.

आता एक पद्धत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुस्तक चोरीला जाऊन पहिलं पान फाडलं गेलं तरी ओळख पटावी म्हणून आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या पानावर शिक्का मारतात. मॅडम हा शिक्का समासात, अगदी कोपऱ्यात मारत, कुणाच्या चेहऱ्यावर पडू नये म्हणून. उद्घाटनाच्या घाईत अध्यक्षांनी दोन माणसं बसवली आणि त्यांनी जांभळ्या शाईने, पानाच्या मधोमध, 'बालविभाग' असा शिक्का धडाधड मारला. मॅडम त्या दिवशी गावी गेल्या होत्या.

त्यात एक पुस्तक होतं सुईणीचं. एका डोंगरी गावातल्या म्हाताऱ्या सुईणीची गोष्ट, तिने बाळंतपणातून सोडवलेल्या बायका, वाचलेल्या आणि न वाचलेल्या. एक्कावन्नाव्या पानावर एक बाई बाळंत होते आहे. पूर्ण पानभर चित्र, शब्द एकही नाही म्हणून वर बटर पेपरही नाही. आणि तिच्या उघड्या पोटावर, नेमका मधोमध, आमचा जांभळा शिक्का: बालविभाग.

ते पुस्तक एका मुलीने घरी नेलं. आईने उघडलं. पुढच्या तासाभरात ते पान कॉलनीच्या तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं. 'आमच्या मुलांना हे देता?' 'ग्रंथपाल कोण आहे?' 'हीच का संस्कृती?' ज्यांनी आयुष्यात वाचनालयाची पायरी चढली नव्हती ते सगळे संस्कृती सांगायला पुढे. शिक्का कुणी मारला, पुस्तक तिथे कुणी नेलं, हे एकानेही विचारलं नाही.

मीटिंग रविवारी सकाळी झाली. आम्ही सात जण, टेबलावर ते पुस्तक, शेजारी बिस्किटांची बशी. मॅडम नेहमीप्रमाणे उभ्या. पुस्तक हातोहात फिरलं, आणि प्रत्येकाने ते थेट एक्कावन्नाव्या पानावर उघडलं. पन्नासावं कुणी बघितलं नाही.

"मॅडम, हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"बाळंतपण."

"ते आम्हालाही दिसतंय."

"मग इचारतस कसाले?"

"हे बालविभागात कसं आलं?"

"तुम्ही आणलं. माझा लेखी विरोध आहे, तारखेसकट."

"विषय तो नाही. विषय हा आहे की असलं पुस्तक आपल्याकडे आलंच कसं. आणि वर हे कागद चिकटवलेत. हे सरळसरळ पुस्तकांचं विद्रूपीकरण आहे."

विद्रूपीकरण! एकोणीस वर्षांत पुस्तकावर टाचणीएवढी रेघ न मारलेल्या बाईंना! मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पण आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "इथे हे पुस्तक पूर्ण कुणी वाचलंय का? एकाने तरी? वाचलं असेल तर त्याने सांगावं यात घाण काय आहे. तो सांगेल ते मी मान्य करीन, मग सगळं कपाट माझ्या हाताने बांधून देईन."

 बोलल्या त्या मीराबाई, चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "म्या वाचलंय सायेब. माजी सासू हेच काम करायची. त्यात वंगाळ काय बी नाय."

"मीराबाई, चहा ठेवा आणि जा," अध्यक्ष म्हणाले.

त्या गेल्या. मग खजिनदार म्हणाले, "पुस्तकाचं कार्ड बघू. कोण कोण नेतं असलं ते तरी कळू दे." कार्ड मॅडमच्या हातात होतं. त्यावर नेणाऱ्यांची नावं असतात. त्यात माझं नाव दोनदा होतं. मॅडमने कार्ड घडी करून मुठीत घेतलं. "वाचकाने काय वाचलं ते वाचकाचं. मी नाही सांगणार." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. इतर सहा जणांकडे बघितलं.

मी बशीतल्या बिस्किटांकडे बघत होतो.

अध्यक्षांकडे माझं काही काम अडलं होतं, असं काही असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. तसं काही नव्हतं. साठीला आलेला माणूस मी, चारचौघांत 'मी चित्रांची पुस्तकं वाचतो' म्हणायची मला लाज वाटली. मीराबाईंना वाटली नाही. त्यांच्यामागून एक जण बोलला असता तर त्यांना 'जा' म्हणायची कुणाची छाती झाली नसती. ठराव एकमताने झाला. एकमताने! पुस्तकं रद्दीत आणि मॅडमने माफीनामा द्यावा. मॅडमने दोन ओळींचा राजीनामा लिहिला. बटर पेपर फाडून काढायचं काम मीराबाईंना दिलं होतं. त्यांनी एकही फाडला नाही. ओल्या बोळ्याने कडा भिजवून सगळे सुटे केले आणि पिशवीत घालून मॅडमना नेऊन दिले.

पुढे आठ-दहा दिवसांनी मी रद्दीवाल्याकडे गेलो. बाकीची पुस्तकं गेली होती, सुईणीचं एक सापडलं. ते घेऊन दुपारी स्कूटरवर पंचवटी गाठली. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर मॅडमचं घर. त्यांनी आतलं दार उघडलं, जाळीचं बंदच ठेवलं. हाताला मेथीची माती होती. "या" म्हणाल्या नाहीत.

मी पुस्तक जाळीशी धरलं. "मॅडम, हे एवढं मिळालं. तुमच्यासाठी आणलं."

त्यांनी पदराला हात पुसले, जाळी थोडी उघडून पुस्तक घेतलं, शिक्का बघितला. "हे माझं नाही. वाचनालयाचं आहे."

"ते रद्द केलंय, मॅडम."

"तुम्ही केलंय. मी नाही." त्यांनी पान उलटलं, कागद निघालेल्या कडेवरून बोट फिरवलं. "दुसऱ्यांदा नेलंत तेव्हा काय म्हणाला होतात? म्हणाला होतात, मॅडम, पहिल्यांदा मी घाईत वाचलं, ही गोष्ट मरणाची वाटली, आता कळलं की ती मरणाची नाही. म्हणाला होतात ना?"

"हो."

"मग तेवढंच तिथे म्हणायचं होतं."

"चुकलं माझं."

"ते माले सांगू नका. माले माहीत शे." त्यांनी श्वास घेतला. "हे परत न्या. मोठ्यांच्या कपाटात ठेवा. सगळे पेपर वाचत बसलेले असतात तेव्हा ठेवा. कुणी विचारलं तर सांगा, वाचलंय म्हणून."

"कपाट काढलं, मॅडम. तिथे आता सेल्फी पॉइंट केलाय. 'मी वाचतो' अशी चौकट आहे, तिच्यात उभं राहून फोटो काढतात."

मॅडमने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. मी त्याची वाट बघत होतो, खरं तर त्यासाठीच आलो होतो. त्या आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या.

"उन्हाचे आलात. पाणी घ्या."

मी उभ्याने पाणी प्यालो. त्या पेला रिकामा होईपर्यंत थांबल्या. मग एका हाताने पेला घेतला, दुसऱ्या हाताने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं.